मुद्दाम चुकवलेला ठोका

आमच्या ‘भरती’ ऑर्केस्ट्राचे जुने व्हिडिओ कुणी शोधून पाहिले, तर त्या प्रत्येकात एक ठोका चुकलेला सापडेल. ऐकणाऱ्याला वाटतं, ऑक्टोपॅडवाला कच्चा आहे. काही लोकांनी खाली तसं लिहिलंही आहे. मी त्यांना उत्तर लिहायला घेते आणि पुसून टाकते. काय लिहिणार? की तो ठोका मुद्दाम चुकवलेला आहे, आणि चुकवणाऱ्या माणसाच्या मते मोबाईल उगारून उभे असलेले तुम्ही सगळे चोर आहात?

तो माणूस म्हणजे गजाकाका. गजानन घरत, राहणार पनवेलजवळचं कोन गाव.

ऑक्टोपॅड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रबरी चौकोनांची ती एक जाडजूड पाटी असते. तिच्यावर काठ्या मारायच्या, आणि आवाज येतो तो वायरीतून, स्पीकरमधून. कुठल्या चौकोनातून ढोलकी वाजेल, कुठल्यातून ताशा, ते आधी लावून ठेवायचं. या लावलेल्या आवाजांना आमच्यात ‘टोन’ म्हणतात, आणि टोन कुणी कुणाला देत नाही. एका ग्रुपचा हळदीचा कार्यक्रम गाजला की दुसऱ्या ग्रुपचा माणूस जेवणाच्या निमित्ताने येऊन पाटीवरचा नंबर बघून जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून वाजवणारे थोडे जपूनच असतात. गजाकाका थोडे नव्हते. पाटीच्या छोट्या पडद्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती, चहाला उठताना ते वर टॉवेल टाकत, आणि टॉवेलाची घडी कशी पडली आहे ते लक्षात ठेवत.

मी ऑर्केस्ट्रात आले ती कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायले म्हणून. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा तळोज्याला कंपनीत शिफ्टला जातात. “शिकायला पाठवलंय, गायला नाही,” असं आई म्हणाली होती आणि ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द तिने असा उच्चारला होता की मला दोन दिवस पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. शेवटी प्रदीपदादा स्वतः घरी आले. प्रदीपदादा ग्रुपचे मालक आणि मुख्य गायक. उरण नाक्याजवळ त्यांचं बॅनर छापायचं दुकान आहे. त्यांनी आईसमोर एक अभंग म्हटला. आई काही बोलली नाही, पण तिने चहा टाकला.

दुकानाच्या वरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चाले. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले, तेव्हा भिंतीला पाठ लावून बसलेल्या एका दणकट, पांढऱ्या मिश्यांच्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कुनाकडं शिकलीस?”

“कुणाकडेच नाही, काका. ऐकून ऐकून.”

“आयकून?” त्यांनी प्रदीपदादांकडे पाहिलं. “बग. ही आमचं पन आयकून घेऊन जाल.”

मला वाटलं, गंमत करतात. मी हसले. ते हसले नाहीत.

“आनि पाठीमागनं बोलू नको. काय बोलाचं ता समोर येऊन बोल.”

पुढे कळलं, हा नियम सगळ्यांना होता. त्यांच्या पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही. फोन तर ते घेतच नसत. फोन वाजला की तोडायचे आणि संदेश पाठवायचे, “लिहून पाठव.” प्रदीपदादा चिडले की काका म्हणायचे, “फोनवर कोन बोलतंय कसा कललं? लिवलेला पुरावा ऱ्हातो.”

आमच्या कार्यक्रमात मध्यंतराआधी प्रदीपदादा वादकांची ओळख करून देत. ती त्यांची आवडती जागा. “की-बोर्डवर आपले डॅनियल अंकल! यांचे आजोबा हार्मोनियम घेऊन मराठीत कीर्तन करायचे बरं का. कीर्तन आपल्यासारखंच, कथा मात्र त्यांच्या ज्यू धर्मातल्या!” डॅनियल अंकल बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचे बहुतेक नातेवाईक इस्राएलला गेले, हे इथेच राहिले. ते नम्रपणे मान झुकवून आजोबांच्या कीर्तनाची एक ओळ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवून दाखवत, आणि हळदीला आलेल्या बायका न कळूनही टाळ्या देत. “गिटारवर सिद्धेश, मोबाईलवर बघून शिकलेला आजचा एकलव्य! मी स्वतः पळस्प्याच्या भजनी मंडळात टाळ कुटत मोठा झालो. ही अक्षता, कॉलेजात शिकते, हिला कुणी शिकवलं नाही.” आणि मग आवाज एकदम खाली आणून, “ऑक्टोपॅडवर गजाकाका.”

पुढे काही नाही. टाळ्यांनाही कळायचं नाही की पडायचं की थांबायचं.

“काका, तुमचं पण सांगू दे की काहीतरी,” प्रदीपदादा एकदा म्हणाले.

“कुटं शिकलो ता सांगला का पब्लिक तिकडं जाते.”

“अहो, तो बँड बंद पडून किती वर्षं झाली! कोण जाणार आहे तिथे?”

“तुला कोनी सांगला बँड म्हनून?” गजाकाकांचे डोळे बारीक झाले. “कोन बोल्ला? डॅनियल बोल्ला?”

बोलले डॅनियल अंकलच होते. तरुणपणी गजाकाका लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे, वरातीत ट्रम्पेटवाल्याच्या खांद्याला खांदा लावून चालायचे, एवढंच आम्हाला माहीत होतं. डीजे आले, बँडवाले घरी बसले, आणि काका ऑक्टोपॅड शिकले. डॅनियल अंकलनी हे सांगितल्याबद्दल त्यांनी पुढचे दोन कार्यक्रम अंकलशी अबोला धरला. वाजवताना मात्र दोघं एका श्वासात थांबायचे.

उलटतपासणी ही त्यांची दुसरी सवय. मी आणि डॅनियल अंकल कोपऱ्यात उभं राहून बोललो, की थोड्या वेळाने काका माझ्याकडे यायचे.

“काय बोलत व्हतीस?”

“काही नाही काका. अंकल म्हणत होते, चहा गोड झालाय.”

मग ते अंकलकडे जायचे आणि तोच प्रश्न विचारायचे. दोन्ही उत्तरं जुळली तर ठीक. एकदा अंकलनी मुद्दाम सांगितलं, “आम्ही तुला विकायचं ठरवत होतो, गजा. गिऱ्हाईक मिळेना.” काका तडक माझ्याकडे आले. “डॅनियल काय येगलाच बोलतंय. तू च्या बोललीस.” मला त्यांची समजूत घालताना घाम फुटला. अंकल मात्र की-बोर्डवर डोकं टेकून हसत होते.

मोबाईलवाला ठोका ही या सगळ्यावर कडी होती. समोर कुणी मोबाईल उंच धरलेला दिसला, की काका गाण्यात कुठेतरी एक ठोका सोडायचे किंवा अर्धा पुढे मारायचे. तोंडावर काही नाही, मिशीही हलायची नाही. व्हिडिओवरूनच तर पुढची कामं मिळतात, म्हणून प्रदीपदादा हात जोडायचे.

“काका, लोक म्हणतात आपला ठेका लंगडतो!”

“लंगडू दे. चोरून नेतील ता लंगडाच नेतील.”

हे सगळं मी जवळून पाहिलं, कारण स्टेजवर माझी जागा त्यांच्या शेजारी होती. दोन गोष्टींचा मला सुरुवातीला राग यायचा. एक म्हणजे त्यांचा डावा पाय. वाजवायला बसले की ते चपला काढायचे आणि डावा पाय थेट समोरच्या बुटक्या स्पीकरवर ठेवायचे, जो आम्हाला आमचाच आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला असतो. मला माझा आवाज ऐकायला त्यांच्या तळव्याच्या बाजूने कान लावावा लागायचा. दुसरी गोष्ट, मी गाताना ते सारखे माझ्या तोंडाकडे बघायचे. डोळे नाही, तोंड. मी शब्द चुकते का ते पकडायला टपले आहेत, असं मला वाटायचं. पहिल्या काही कार्यक्रमांत त्या नजरेने मी खरंच चुकले.

मागच्या दिवाळीनंतर गोष्टी उलट्या झाल्या. इतके दिवस काका आमच्यावर संशय घेत होते. आता आम्ही त्यांच्यावर घ्यायला लागलो.

झालं असं की काका दोन वेळा प्रॅक्टिसला आले नाहीत. ‘काम हाय’ एवढाच संदेश. मग सिद्धेशने त्यांना पनवेलमध्ये एका इमारतीतून बाहेर पडताना पाहिलं. त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमच्या विरोधातल्या एका ग्रुपचं ऑफिस आहे. सिद्धेशने ते सांगितलं तेव्हा सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीजवळची काकांची जागा रिकामी होती आणि पाटीवर टॉवेल होता.

“म्हणजे म्हणूनच,” प्रदीपदादा हळूच म्हणाले. “म्हणूनच एवढं झाकून ठेवतात. जाताना सगळे टोन घेऊन जाणार.”

“गजा तसा नाही,” अंकल म्हणाले.

“मग कसे आहेत? तुम्हीच सांगा. एवढ्या वर्षांत त्यांनी तुम्हाला घरी तरी नेलंय का?”

अंकल की-बोर्डची वायर गुंडाळायला लागले.

मोसमातल्या सगळ्या तारखा लागलेल्या होत्या. ऐन हळदीच्या दिवसांत ऑक्टोपॅडवाला निघून गेला तर ग्रुप बसतो. प्रदीपदादांनी तळोज्याच्या एका माणसाशी बोलून ठेवलं. ओंकार त्याचं नाव. कंपनीत शिफ्ट करून वाजवायचा. मला त्यांनी वेगळंच काम दिलं. “तू कॉलेजवरून त्याच रस्त्याने येतेस ना? जरा लक्ष ठेव.”

मला ते आवडलं नाही, पण नाही म्हणायलाही जमलं नाही. एका दुपारी खरोखरच काका त्या इमारतीच्या जिन्यावरून उतरताना दिसले. हातात कागदाची छोटी पिशवी होती. मी रसवंतीच्या आडोशाला सरकले, तेवढ्यात त्यांनी मला पाहिलंच. सरळ रस्ता ओलांडून आले.

“पालत ठेवतेस का गो?”

“नाही काका, मी कॉलेजमधून...”

“परदीपनी पाठवली.”

मी रसवंतीच्या चरकाकडे पाहिलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं, मी अजून काही म्हणेन अशी वाट पाहत. मग पिशवी शर्टाच्या आत सरकवली.

“सांग त्याला. गजा कुटं जात नाय. गजाला कोन घालवल ता बगतंव.”

मी प्रदीपदादांना पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. त्या वेळी मी एकदा त्या इमारतीच्या पाट्यांवरून नजर फिरवली होती. पहिल्या मजल्यावर त्या ग्रुपची रंगीत पाटी होती. दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना, एक शिकवणी आणि कानाचे डॉक्टर. नजर सगळ्यांवरून गेली, पण मन पहिल्या मजल्याच्या पाटीवरच अडकलं. ज्याच्यावर संशय असतो त्याच्यासाठी माणूस दुसऱ्या मजल्यापर्यंत चढत नाही.

पळस्प्याला हायवेलगतच्या एका लॉनवर साखरपुड्याचा कार्यक्रम होता. भर दुपार, मांडवात पंखे, मागे ट्रकांची घरघर. पहिल्याच रांगेत एक अनोळखी माणूस पाय पसरून बसला होता आणि त्याची बोटं मांडीवर चालत होती. प्रदीपदादांनी मला सांगितलं नव्हतं, तरी हा ओंकार हे मी ओळखलं. काकांनी तर चपला काढायच्या आधीच ओळखलं.

“पावना कोन?” त्यांनी प्रदीपदादांना विचारलं.

“कुठला?”

“बोटं वाजवतंय तो.”

“नवऱ्याकडचा असेल, काका.”

काका उठले, पहिल्या रांगेपर्यंत गेले, वाकून ओंकारला काहीतरी विचारलं आणि परत आले. “तो बोल्ला नवरीकडचा,” एवढंच म्हणाले. डावा पाय स्पीकरवर ठेवला आणि काठ्या उचलल्या.

त्या दिवशी काकांनी वाजवलं तसं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ओंकारची बोटं मांडीवरच थांबली. बायका नाचायला उठल्या, नवऱ्याच्या मामाने पागोटं उडवलं. मोबाईल वर होते तरी ठोका चुकला नाही. चोरांना द्यायचं आज त्यांनी ठरवलं असावं.

मग आमचं जुनं द्वंद्वगीत सुरू झालं. पहिलं कडवं झालं. जेवणाच्या बाजूने वाढप्याने एक ढकलगाडी स्टेजच्या कडेने नेली, आणि तिचं चाक वायरींवरून गेलं. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ कळला नाही. एकदम गाण्यातून जमीन निघून गेल्यासारखं झालं. की-बोर्ड चालू, गिटार चालू, माझा आवाज चालू, आणि ठेका नाही.

प्रदीपदादा गर्रकन वळले. त्यांच्या तोंडावर मी राग पाहिला. ओंकारला बोलावल्याचा सूड म्हणून काकांनी भर गाण्यात हात आखडता घेतला, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. मी गात गातच डावीकडे पाहिलं.

काका वाजवत होते.

काठ्या पडत होत्या, रबरावर टप् टप् एवढाच कोरडा आवाज होत होता. त्यांची मान डुलत होती. नजर माझ्या तोंडावर होती, आणि माझा शब्द सुटेल तशी काठी खाली येत होती. एकही ठोका इकडेतिकडे नाही. त्यांचा तळवा स्पीकरवर होता; त्यातून गिटारची धडधड येत होती, आणि तेवढी त्यांना पुरत होती. ऑक्टोपॅडची निघालेली वायर त्यांच्या उजव्या बाजूला गवतावर पडली होती.

मी थांबले असते तर तेही थांबले असते, एवढं मला त्या क्षणी कळलं. मी तोंड मोठं उघडून, शब्द सुटे सुटे करून गात राहिले. डॅनियल अंकलनी मान वर न करता डाव्या हाताने की-बोर्डमधला तयार ठेका लावला आणि आवाज वाढवला. काकांच्या काठ्यांच्या बरोबर खाली तो बसला. मांडवातल्या लोकांना काही कळलं नाही. नाचणाऱ्या बायका नाचत राहिल्या. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि काकांनी पहिल्या रांगेतल्या ओंकारकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

मग पाण्याची बाटली घ्यायला ते उजवीकडे वाकले.

वायरीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. प्रदीपदादा खाली बघत होते. सिद्धेश गिटारचा पट्टा नीट करत होता.

मध्यंतरात काका अंकलजवळ गेले. मी जवळच होते.

“डॅनियल, वायर कवा निगाली?”

“आत्ताच रे. शेवटी शेवटी. काही कळलं नाही कुणाला.”

काका माझ्याकडे आले. समोर उभे राहिले.

“वायर कवा निगाली?”

मी घाबरले. खरं बोलायचं नव्हतं आणि अंकल काय बोलले ते विसरून गेले होते. “गाणं संपल्यावर, काका. तुम्ही उठलात तेव्हा पाय लागला.”

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत.

“दोगांचा जुलत नाय,” ते म्हणाले.

टॉवेल घेतला, काठ्या त्यात गुंडाळल्या, चपला घातल्या. प्रदीपदादा मागून हाका मारत गेले, “काका! अहो काका!” पाठीमागून मारलेल्या हाका. आता त्या का पोचत नाहीत ते आम्हाला कळत होतं. प्रदीपदादा धावत पुढे जाऊन समोर उभे राहिले. त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. हात जोडलेले दिसले. काकांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं, बाजूने वाट काढली, आणि हायवेकडे चालत गेले. मध्यंतरानंतर ऑक्टोपॅडवर ओंकार बसला.

नंतर डॅनियल अंकल कोनला जाऊन आले. काकांनी त्यांना घरात घेतलं, आंबोळ्या खायला घातल्या आणि ऑर्केस्ट्राचा विषय काढू दिला नाही. त्या दिवशी पिशवीतून आणलेलं कानाचं यंत्र फळीवर डबीतच होतं. “डाक्टर बोलतो घाल. घातला का समदा पत्र्यावानी वाजते. गाना ऱ्हात नाय,” असं म्हणाले म्हणे. येताना अंकलच्या हातात त्यांनी तो टॉवेल दिला, ‘पाटीवर टाकाला’.

पाटी ग्रुपचीच होती. एका प्रॅक्टिसला ओंकारने विचारून ती काळी चिकटपट्टी काढली. आम्ही सगळे वाकून बघत होतो, प्रदीपदादा सर्वांत पुढे. ओंकारने बटणं दाबून पाहिली आणि हसला.

“अहो, हे तर कंपनीचेच टोन आहेत. नव्या खोक्यातून निघतात तसे. यांनी काहीच लावलेलं नाही.”

मग त्याने त्याच टोनवर आमच्या द्वंद्वगीताचा ठेका धरला. बरोबर होता. अंकल ऐकत राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “ओंकार, तुझा टोन लाव. तुझा चांगला आहे.” पाटीवर तेव्हापासून पट्टी नाही. टॉवेल मात्र ओंकारही टाकतो. का ते मी त्याला विचारलेलं नाही.

काकांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. कोनला मैत्रिणीच्या घरी गेले होते. त्या दिवशी गावदेवीची पालखी होती. दुपारचं ऊन, रस्त्यावर गुलाल, आणि पालखीपुढे गावातला बाजा. मोठ्या ढोलाचा आवाज आधी माझ्या पोटात आला, मग कानात. वळणावरून माणसं पुढे आली आणि मधोमध काका दिसले. पट्टा खांद्यावरून घेतलेला, ढोल पोटाशी घट्ट बांधलेला, हनुवटी जवळजवळ त्याच्या कडेवर टेकलेली. पाय अनवाणी. डोळे मिटलेले. कुणाच्या तोंडाकडे बघायची त्यांना गरज नव्हती. बाजूला पिपाण्या, ताशे, पोरांच्या शिट्ट्या. काकांचा ठोका सगळ्यांना ओढून नेत होता.

मी हाक मारणार होते, पण त्याचा उपयोग नव्हता. म्हणून वाट पाहत उभी राहिले. डॅनियल अंकलना दाखवावं म्हणून मोबाईल काढला आणि वर धरला.

त्याच वेळी काकांनी डोळे उघडले. मला ओळखलं. माझ्या हाताकडे पाहिलं. मिशी हलली नाही.

तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. ताशेवाला दचकून मान वर करताना त्यात दिसतो, कारण ढोलाचा एक ठोका चुकलेला आहे.